आठ महिने छोट्या काउबॉय रोमान्स वाचतेय, त्याचा अनुभव

जूनमध्ये मैत्रिणीने एक पाठवली म्हणून सुरुवात केली, आणि आता किंडलवर चाळीसेक तरी झाल्या असतील. सगळ्या आजच्या काळातल्या, अमेरिकेतल्या मोंटाना, वायोमिंग, टेक्सास असल्या ठिकाणच्या, आणि सगळ्या छोट्या, म्हणजे वीस ते चाळीस हजार शब्दांच्या. शनिवारी दुपारी जेवून घेतली की रात्रीच्या भाकरी थापायच्या आत संपते. शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं, रोमान्सचा नियमच आहे तो, आणि मला तो आवडतो.

माझं रेटिंग पाचात साडेतीन. का ते सांगते.

सगळ्यात लक्षात राहिलेली एक. फेब्रुवारी, मोंटाना, बाहेर उणे वीस, आणि हीरो रात्रभर दर दोन-तीन तासांनी उठून पहिलारू कालवडी बघायला जातो कारण पहिल्या वेताला अडायची भीती जास्त. नायिका शहरातली नोकरी सोडून आलेली, तिला यातलं काही येत नाही, तो तिच्या हातात बॅटरी देतो आणि धर म्हणतो, एवढंच. वासरू बाहेर येतं ते गारठलेलं, तो त्याच्या तोंडात बोट घालून बघतो, आतून गार लागतं, मग दोघं त्याला उचलून घरात आणतात आणि चक्क बाथटबमध्ये कोमट पाण्यात ठेवतात. ती अर्धा तास त्याची मान पाण्यावर धरून बसलेली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, आणि तो चीक कोमट करून आणतो. आय लव्ह यू वगैरे काही नाही त्या प्रकरणात. पण मला तिथेच कळलं की हे दोघं एकत्र राहू शकतील.

कराडला मामाच्या गोठ्यात गाय व्यायली की वार पडेपर्यंत मामी झोपायची नाही, आणि वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक गेलाच पाहिजे यावर घरात कुणाचं दुमत नसायचं, त्यामुळे हे वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. मामीला फोनवर सगळी गोष्ट सांगितली तर तिने पहिलं विचारलं, वासरू जगलं का गं?

आता दुसरी बाजू. कितीतरी पुस्तकांत हॅट आणि बूट फक्त कव्हरवर. एकात हिमवादळ येतं, दोघं तीन दिवस केबिनमध्ये अडकतात, छान शेकोटी, छान गप्पा, आणि रँचवर तीनशे गायी. थंडीत एका गाईला दिवसाला दहा-बारा किलो सुकं गवत लागतं, म्हणजे रोजचं तीन टनाच्या वर, पाण्यावरचा बर्फ फोडायचा तो वेगळाच. तीन दिवस कोण घालतंय हे? खालचे रिव्ह्यू वाचले तर रँचवर वाढलेल्या बायकांनी नेमकं हेच विचारलेलं, आणि मला एकदम आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं.

रिव्ह्यूंमध्ये सगळ्यात जास्त तक्रार असते ती 'फार लहान आहे, घाईत संपवलं'. मला आधी पटायची. पण बाथटबवाली गोष्ट शंभर पानांचीच होती आणि तिला कुणी लहान म्हटलं नाही. शंभर पानांत दोन प्रकरणं नुसत्या गैरसमजावर घालवायची, फोन उचलायचा नाही, ऐकून घ्यायचं नाही, आणि शेवटच्या चार पानांत लग्न, मग वाचणाऱ्याला घाई वाटणारच. बाकी कुणाला बेडरूमचे सीन हवेत, कुणाला अजिबात नकोत, ते ज्याचं त्याने ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाची छोटी ओळख, बघून घ्यावं.

रोडिओवाल्या, म्हणजे काउबॉयांच्या खेळांच्या स्पर्धांवरच्या, मला कमी आवडल्या. बैलावर आठ सेकंद एका हाताने टिकायचं, शंभरातले निम्मे गुण बैलाला, हे भारी आहे, पण दुखापत होऊन गावी परतलेला हीरो किती वेळा वाचायचा.

आणि एक मनापासून खटकतं. लॅरिएट (गुरं पकडायचा फासाचा दोर), बकरू (काउबॉय) हे शब्दच मेक्सिकोच्या गुराख्यांच्या स्पॅनिशमधून आलेत, जुन्या काउबॉयांमध्ये साधारण चारात एक काळा होता असं इतिहासकार मानतात, रोडिओतलं धावत्या बैलाची शिंगं धरून पाडणं बिल पिकेट या काळ्या काउबॉयमुळे रूढ झालं, आणि माझ्या चाळीसांतले हीरो मात्र तीन सोडले तर सगळे गोरे. त्या तिघांतल्या एकाच्या आजीचं स्वयंपाकघर अजून डोळ्यापुढे आहे.

सध्या एक टेक्सासची चालू आहे, चौथ्या प्रकरणात आहे. बँकेचं कर्ज, विकायला काढलेली जमीन, आणि नायिका स्वतः कुंपणाची तार ओढते, हातमोजे फाटलेत तिचे. बहुतेक पाच देईन.