मुलीचं नाव काय ठेवावं, रेवा की क्षिप्रा?

दोन्ही नद्यांची नावं. रेवा म्हणजे अमरकंटकला उगम पावून नंदुरबारच्या सीमेवरून पुढे जाणारी नर्मदा, तर क्षिप्रा उज्जैनची, जिच्या काठी सिंहस्थ भरतो.

रेवाबद्दल फार बोलायला नको. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, घरातल्या पणजीआजीपासून परदेशातल्या शाळेच्या बाईंपर्यंत कुणाचीही जीभ अडखळत नाही. वर्गात आणखी एक रेवा निघू शकते, इतकंच.

खरा विचार क्षिप्राचा करायचा. मराठी माणसाला ‘क्ष’ नवा नाही, त्यामुळे घरात, शाळेत चालून जाईल. पण इंग्रजी स्पेलिंग के-एस-एच असं सुरू होतं, आणि फोनवर ते दर वेळी सांगावं लागेल. उत्तरेत गेली की ती हमखास ‘शिप्रा’ होणार. अर्थात नदीलाही दोन्ही नावं आहेत, तेव्हा मी तरी याला बिघाड मानत नाही. लहानपणी तिला स्वतःलाच ते नीट म्हणता येणार नाही, तेवढ्यापुरतं घरचं नाव असतंच की!

घाई मात्र नको. जन्माची नोंद 21 दिवसांत नावाशिवायही होते आणि 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. तोवर आडनावासकट मोठ्याने हाक मारून पाहा. स्पेलिंग नाव नोंदवतानाच पक्कं करा, कारण ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच लागतो.

आडनावातही जोडाक्षर असेल तर रेवा. नसेल, तर मी बेधडक क्षिप्रा ठेवेन.