जुन्या वाड्यातल्या लोखंडाची तपासणी करून घेतली, अनुभव बरा (पाचपैकी साडेतीन)

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याला खालच्या मजल्यावर चार लोखंडी खांब आहेत आणि वर गर्डर, दुरुस्ती काढली तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला खांबाला प्लेट वेल्ड करून टाकू, काका म्हणाले थांब रे, आधी हे कुठलं लोखंड आहे ते तरी बघ. म्हणून एका टेस्टिंगवाल्यांना बोलावलं, नाव टाकत नाही.

आले दीड तास उशिरा. त्यातल्या पोराने एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूत काय काय आहे ते सांगणारं हातातलं यंत्र) लावली, मँगनीज अमुक सिलिकॉन तमुक सांगून निघायलाच लागला!! अहो पण ती गन कार्बन दाखवत नाही, आणि बीड (म्हणजे ओतीव लोखंड) की स्टील हे तर कार्बनवरच ठरतं ना. बीडात साधारण २ ते ४ टक्के, साध्या स्टीलमध्ये पाव टक्क्याच्या आसपास. लोहचुंबक तर दोन्हीला चिकटतो, त्याचा काय उपयोग.

मग त्यांचे सीनियर आले, ते मात्र एकदम जाणकार. रंग खरवडून, न दिसेल अशा कोपऱ्यात बारीक ड्रिल मारलं. खांबातून काळपट भुगा पडला, हाताला शिसपेन्सिलीसारखा लागत होता, आणि गर्डरमधून लांब गुंडाळी निघाली. म्हणजे खांब बिडाचे, गर्डर स्टीलचा. बीड दाबाला दणकट पण ताणाला कच्चं, नीट गरम न करता वेल्डिंग केलं की तडकतं. प्लेट कॅन्सल, आता नट-बोल्टचे क्लॅम्प लावतोय.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळाला, तोही फोन करकरून. बोलवायचंच असेल तर सीनियरच येणार का ते आधी विचारून घ्या.