रात्रीच्या साताऱ्यात दमदार इलेक्ट्रिक बाईक की पेट्रोलची ३९०? दोन्ही चालवून सांगतो

रात्री साडेअकराला कोडोलीच्या एमआयडीसीतून आमची शिफ्ट सुटते. तिथून अजंठा चौक, गोडोली, पोवई नाका, राजपथ, मोती चौक, राजवाडा आणि मंगळवार तळ्याजवळ घर, हा माझा रोजचा रस्ता. पाच वर्षं तो मी चारशे सीसीच्या आसपासच्या सिंगल सिलिंडर पेट्रोल गाडीवर कापला. दीड वर्षापासून मोठ्या बॅटरीची इलेक्ट्रिक मोटारसायकल आहे. जुनी गाडी धाकट्या भावाकडे असल्यानं तीही आठवड्यातून एकदा हातात येतेच. शाहूपुरीतल्या भाच्यानं परवा विचारलं, "मामा, तीन-चार लाख जमवलेत. कुठली घेऊ?" त्याला तासभर बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

आधी कागदावरचे आकडे बघू. इलेक्ट्रिकमध्ये बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटची एफ७७ मॅक २ धरा. तिच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला १०.३ किलोवॅट-तासाची (म्हणजे १०.३ युनिटची) बॅटरी, ३० किलोवॅट म्हणजे सुमारे ४० हॉर्सपॉवर ताकद, १०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर) आणि २०७ किलो वजन आहे. पेट्रोलमध्ये चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक घ्या: ३९९ सीसी, ४६ पीएस (सुमारे ४५ हॉर्सपॉवर), ३९ न्यूटन-मीटर, १६८ किलो. शंभर आणि एकोणचाळीस शेजारी ठेवून इलेक्ट्रिक अडीचपट ताकदवान असं मात्र समजू नका. पेट्रोल गाडीचा टॉर्क गिअरमधून वाढत चाकापर्यंत जातो. खरा फरक तो टॉर्क कधी हाताशी येतो, यात आहे. ड्यूकचा पूर्ण टॉर्क ६५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर गेल्यावर मिळतो. इलेक्ट्रिक मोटर तो जागेवरूनच देते.

साताऱ्यात याचा अर्थ काय, ते पोवई नाक्यावरून वर निघालं की कळतं. गाव उतारावर वसलेलं आहे, राजवाड्याकडे आणि पुढे समर्थ मंदिराकडे रस्ता चढतच जातो. मधे वळणं, बोळातून अचानक येणारी स्कूटर, गतिरोधक. पेट्रोल गाडीवर इथे सेकंड-थर्ड, थर्ड-सेकंड आणि हाफ क्लच असाच प्रवास होतो. वीसच्या वेगाला थर्डमध्ये राहिलात तर इंजिन ठोकतं, सेकंडमध्ये घेतलीत तर गाडी हिसके देते. वर गुडघ्याला इंजिनची झळ. ही गाडी मोकळ्या रस्त्यासाठी जन्मलेली आहे आणि पेठांमधून जाताना तिची घुसमट होते, हे मी पाच वर्षं रोज अनुभवलं. इलेक्ट्रिकवर तोच चढ नुसत्या मुठीवर होतो. मूठ एक बोटभर पिळली की तेवढीच पुढे, सोडली की मोटर स्वतःच ओढून धरते. बारा-पंधराच्या वेगातही गाडी पूर्ण ताब्यात राहते. शून्यापासून साठपर्यंत तीन सेकंदांच्या आत जाण्याची ताकद राजपथावर वापरायला जागाच नाही आणि तिथे ती वापरूही नये. या ताकदीचा शहरातला उपयोग कमी वेगाला गाडी हवी तशी हलते, एवढाच. पण तो रोजचा आहे.

आता आवाज. रात्री गाडी चालवणाऱ्यासाठी मला हाच सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो, आणि शोरूममध्ये त्याबद्दल कोणी बोलत नाही.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जुन्या पेठांतली घरं रस्त्याला लागून, खिडकी आणि माझं हँडल यांत चार हातांचं अंतर. पेट्रोल गाडी घेऊन बोळात शिरलो की समोरच्या घरातली आजी जागी व्हायची. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण दिवा लागलेला मला दिसायचा. शेवटची दोन वर्षं मी कोपऱ्यावर इंजिन बंद करून गाडी ढकलत घरी नेत होतो. इलेक्ट्रिक आल्यापासून तो दिवा लागलेला नाही. बाकी सगळे आकडे बाजूला ठेवले तरी एवढ्यासाठी मी हीच गाडी पुन्हा घेईन.

पण आवाज नसण्याची दुसरी बाजूही आहे आणि ती जिवावर बेतू शकते. राजवाड्याच्या चौपाटीवर रात्री उशिरापर्यंत लोक असतात. खाऊन झालं की गप्पा मारत सरळ रस्त्यावर उतरतात, मागे वळून बघत नाहीत, कारण इतक्या वर्षांत कानानंच रस्ता बघायची सवय झाली आहे. कुत्र्यांचंही तसंच. पेट्रोल गाडी लांबून आली की रस्त्यात झोपलेलं कुत्रं उठून बाजूला होतं. इलेक्ट्रिक त्याला अगदी जवळ आल्यावर कळते, आणि मग ते घाबरून कुठल्याही दिशेला उडी मारतं. पहिल्याच महिन्यात मोती चौकाच्या अलीकडे एक पिल्लू माझ्या पुढच्या चाकाखाली येता येता वाचलं. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जॅम होऊ न देणारं एबीएस होतं म्हणून मीही पडलो नाही. हॉर्न वाजवावा म्हणाल, तर निवासी भागात रात्री हॉर्नलाही त्याच नियमांत मनाई आहे. म्हणून मी डिपर मारतो, माणूस दिसलं की वेग वीसच्या खाली आणतो आणि जॅकेटवर चमकती पट्टी लावतो. ही सवय लावायची तयारी नसेल, तर शांत आणि ताकदवान गाडी शहरात घेऊ नका. भाच्याला हे मी दोनदा सांगितलं.

घाटाबद्दल थोडक्यात. समर्थ मंदिरावरून यवतेश्वर चढून कासकडे जाताना बॅटरी संपेल, अशी भीती अनेकांना असते. हिशोब करून बघा. कास शहरापेक्षा साधारण पाचशे मीटर उंच. गाडी आणि स्वार मिळून २८० किलो धरले, तर निव्वळ चढायला अर्धा युनिटही लागत नाही. अंतर कापायचा खर्च वेगळा, पण चढाचा बाऊ करू नये. काळजी उतरताना घ्यायची. मूठ सोडल्यावर मोटर जी ओढून धरते, ती वीज परत बॅटरीत भरत असते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते आणि ती ओढ कमी होते. कासला मुक्काम करून शंभर टक्के चार्जिंगवर उतरणाऱ्यानं पहिली वळणं ब्रेकच्या भरवशावर घ्यावीत. पावसाळ्यात घाटात ढग उतरले आणि रस्ता ओला झाला की जागेवरून मिळणारा टॉर्क मागचं चाक घसरवू शकतो. ही घसरण रोखणारं ट्रॅक्शन कंट्रोल असलेलीच गाडी घ्या आणि ते चालू ठेवा.

शहर सोडून महामार्गाला लागलात की पारडं फिरतं. वेग वाढला की हवेचा विरोध फार झपाट्यानं वाढतो आणि नव्वद-शंभरला इलेक्ट्रिकची रेंज, म्हणजे एका चार्जिंगवर जाणारं अंतर, डोळ्यांसमोर उतरते. कुठल्याही कंपनीच्या कागदावरच्या रेंजचे दोन तृतीयांश धरून चाला, महामार्गावर त्याहून कमी. पुणे इथून ११० किलोमीटर. जाणं होईल, पण रात्री दोनला परत निघायचं असेल तर चार्जिंगची सोय आधी ठरवूनच जा. रस्त्यावरचे बरेच चार्जर कारसाठीचे असतात, प्रत्येक दुचाकीला ते लागत नाहीत. पेट्रोल गाडीला पाच मिनिटांत १५ लिटर भरले की कोल्हापूर गाठून परत या. ज्याची रात्र खंबाटकीच्या पलीकडे किंवा कऱ्हाडच्या पुढे जाते, त्यानं आज तरी पेट्रोलच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

ऊस तोडणीच्या दिवसांत शेंद्र्याच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. दोन्हीपैकी कुठलीही गाडी घ्या, हेडलाइटचा झोत रात्री बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरच्या चार्जिंगवर खरा निर्णय अवलंबून आहे. तळमजल्यावर स्वतःची जागा आणि १५ अँपिअरचा सॉकेट असेल तर काम सोपं आहे. सोबत येणारा चार्जर किती किलोवॅटचा आहे ते विचारा. १० युनिटची बॅटरी सव्वा-दीड किलोवॅटच्या चार्जरवर भरायला सात-आठ तास लागतात, म्हणजे रात्री लावून सकाळी काढायची. जुन्या वाड्यांत वायरिंग बारीक असतं आणि अर्थिंग नावालाच असतं. वायरमनला बोलावून वेगळी लाइन आणि एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) टाकून घ्या, तो खर्च गाडीच्या किमतीतच धरा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि पार्किंगमध्ये मीटरवरून लाइन घ्यायला सोसायटी तयार नसेल, तर गाडी कितीही आवडली तरी थांबा. ही बॅटरी काढून वर नेण्यासारखी नसते.

पैशांचं म्हणाल, तर पेट्रोल शंभरीच्या पुढे आणि शहरात लिटरला पंचवीस-सव्वीस किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला चार रुपये. इलेक्ट्रिकला वरच्या टप्प्यातलं वीजबिल धरूनही मला रुपयाच्या आत पडतं. ऑइल, क्लचप्लेटची कटकट नाही. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५. थर्ड पार्टी विम्यातही इलेक्ट्रिकला १५ टक्के सवलत मिळते. तरीही दमदार इलेक्ट्रिकची किंमत तीन-चार लाखांच्या घरात जाते, आणि रोज आठ-दहा किलोमीटरच फिरणाऱ्याचे जादा पैसे पेट्रोल वाचवून लवकर निघत नाहीत. सर्व्हिस सेंटर साताऱ्यात आहे की पुण्या-कोल्हापूरला, हे बुकिंगच्या आधी फोन करून विचारा. पेट्रोल गाडीचं पंक्चरच काय, इतर कामंही गोडोलीतला मेकॅनिक करून देतो, इलेक्ट्रिकच्या कंट्रोलरला (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) तो हात लावणार नाही.

शोरूमची टेस्ट राइड दुपारी आणि सरळ रस्त्यावर होते, त्यातून यातलं काहीच कळत नाही. ओळखीत कोणाकडे गाडी असेल तर रात्री अकरानंतर मागून घ्या. कोणाला तरी डबलसीट बसवा, पोवई नाक्यावरून समर्थ मंदिरापर्यंत चढवा, बोगद्याजवळून फिरवून आणा आणि येताना राजवाड्याच्या अलीकडे मूठ सोडून गाडी किती ओढून धरते ते बघा. भाच्यानं शनिवारी माझ्या गाडीवर हे सगळं केलं. परत आल्यावर गाडीबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "मामा, तुमचा तो वायरमन उद्या रिकामा आहे का? आमच्या घराचं अर्थिंग बघून घेतो."