गुडघा आणि खुबा: वाचवायचा की बदलायचा?
पन्नाशीच्या आतल्या माणसाला कुणी "सांधा बदलून टाका" म्हटलं की मला आधी एकच विचारावंसं वाटतं: झीज नेमकी कुठे आहे? पाय धनुष्यासारखे बाकलेले आणि गुडघ्याची फक्त आतली बाजू झिजलेली असेल, तर गुडघ्याखाली नडगीचं हाड कापून पाय सरळ करता येतो. भार बाहेरच्या बाजूच्या चांगल्या कूर्चेकडे, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तराकडे, सरकतो, दुखणं कमी होतं आणि गुडघा स्वतःचाच राहतो. हाड जुळेपर्यंत काही आठवडे कुबड्या आणि भरपूर धीर मात्र हवा. पुढे कधी बदलायची वेळ आलीच, तर तो रस्ता बंद होत नाही.

खुब्याचं वेगळं. स्टेरॉइड किंवा दारूमुळे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा गोळा चेपण्याआधी हाडात भोक पाडून आतला दाब कमी करता येतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. एमआरआयमध्ये दुखणं सापडतं. जांघेतल्या दुखण्यावर महिनोन्महिने मलम चोळणारी तरुण मुलं ही संधी गमावतात, याचं फार वाईट वाटतं. गोळा चेपला की बहुधा बदलणंच बरं.

सत्तरी, सगळा गुडघा झिजलेला, रात्री झोप नाही: तिथे वाचवण्याचा हट्ट नको. पूर्ण बदललेल्या दहापैकी सुमारे आठ गुडघे 25 वर्षं टिकतात. भारतात 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने मर्यादाही घातली. मांडी घालून जमिनीवर बसणं मात्र बहुतेकांना सोडावं लागतं. ते शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.