श्रवणमंडळाची पुढची तबकडी: राइश की पॅर्त?

कोल्हापुरातील आमच्या श्रवणमंडळासाठी आधुनिक पाश्चात्त्य अभिजात संगीताची एकच तबकडी घ्यायची असल्याने अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांचे 'म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स' (1978) आणि एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्त यांचे 'टाबुला रासा' (1984) या ईसीएम या जर्मन ध्वनिमुद्रण कंपनीच्या दोन ध्वनिमुद्रणांचा मी विचार केला.

अल्लादिया खाँसाहेबांच्या पेचदार, लयीशी बांधलेल्या गायकीवर वाढलेल्या आपल्या कानांना राइश लवकर जवळचे वाटतील. त्यांची अखंड लय अकरा स्वरसंघातांमधून (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांमधून) फिरते आणि व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या खुणेने वळण घेते. मात्र सुमारे 56 मिनिटांची ही सलग रचना तबकडीवर मधोमध तुटते, आणि बाजू उलटेपर्यंत चढलेली तंद्री उतरते. मला हे फार खटकते.

पॅर्त यांच्या तबकडीत ही अडचण येत नाही. पहिल्या बाजूवर 'फ्रात्रेस'ची दोन रूपे, एक व्हायोलिन-पियानोचे आणि दुसरे बारा चेलोंचे, व त्यांच्यामध्ये इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ रचलेला पाच मिनिटांचा 'कांटुस' आहे; दुसरी बाजू संपूर्णपणे शीर्षकरचनेची, ज्यात गिडॉन क्रेमर व तात्याना ग्रिंडेंको यांची व्हायोलिने हळूहळू निःशब्दतेत विरतात. तो शेवट इतका हळुवार आहे की धुळीची करकरही ऐकू येते, म्हणून तबकडी आधी पुसावी आणि पंखा बंद ठेवावा. एकच रचना दोन वाद्यमेळांत एकाच बाजूवर ऐकल्यावर चर्चेला आपोआप विषय मिळतो, म्हणून माझी शिफारस पॅर्त यांचीच आहे. राइश सीडीवर, न थांबता ऐकावेत.