कंपोनंट टेस्टर: बाकी सगळे सांगतो, धन पाय तेवढा सांगत नाही

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डावरून काढलेल्या एका इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (धन आणि ऋण असे ठरलेले पाय असलेल्या, वीज साठवणाऱ्या भागाचे) प्लास्टिकचे वेष्टन आकसून गळून पडले होते. उघड्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर एकही अक्षर नव्हते, आणि आधीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्याने दोन्ही पाय सारख्याच लांबीवर छाटून ठेवल्यामुळे ‘लांब पाय धन’ हा नव्या मालाचा नियमही कामाचा राहिला नव्हता. बोर्ड हाताशी असता तर ग्राउंडची पट्टी शोधून प्रश्न चुटकीसरशी सुटला असता, पण बोर्ड केव्हाच मोडीत गेला होता. असे अनामिक सुटे भाग ओळखता यावेत म्हणूनच मी वर्षभरापूर्वी एटीमेगा ३२८ या चिपवर चालणारा कंपोनंट टेस्टर घेतला होता. त्याचे हे परीक्षण मुख्यतः ‘धन पाय कोणता?’ या एकाच प्रश्नाच्या अंगाने लिहिले आहे.

या टेस्टरची मूळ कल्पना मार्कुस फ्रेयेक यांची असून कार्ल-हाइन्त्स क्यूबेलर यांनी तिचा पुढे बराच विस्तार केला. आराखडा आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले असल्यामुळे अनेक उत्पादक तो आपापल्या नावाने विकतात. वापर अगदी सोपा आहे: १, २, ३ असे आकडे लिहिलेल्या सॉकेटमध्ये सुट्या भागाचे पाय अडकवायचे, खटका खाली करायचा आणि बटण दाबायचे. ट्रान्झिस्टर असेल तर त्याचे तिन्ही पाय, डायोड असेल तर त्याची दिशा, असे सारे दोन-तीन सेकंदांत पडद्यावर येते. डायोडची दिशा सांगणारे यंत्र कपॅसिटरचीही सांगेल असे मी गृहीत धरले, आणि तिथेच फसलो.

माझ्या बिननावाच्या कपॅसिटरसाठी टेस्टरने ९४ मायक्रोफॅरड धारिता (साठवण क्षमता), १.८ ओहम ईएसआर (अंतर्गत रोध, जो फार वाढला तर कपॅसिटर खराब समजायचा) आणि २.१ टक्के व्हीलॉस (भरल्यावर लगेच होणारी व्होल्टेजची घट) असे आकडे दाखवले. पाय उलटे करून पुन्हा मोजले तरी आकड्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. पडद्यावर कपॅसिटरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना सॉकेटचे क्रमांक दिसतात, पण ते फक्त पाय कुठे अडकवले आहेत एवढेच सांगतात. धन-ऋणाशी त्यांचा काही संबंध नाही.

हा टेस्टरचा बिघाड नव्हे, मोजण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. मोठ्या कपॅसिटरला हे यंत्र छोट्या छोट्या स्पंदांनी सुमारे ३०० मिलिव्होल्टपर्यंतच भरते आणि त्यावरून धारिता काढते. इलेक्ट्रोलिटिकमध्ये धन बाजूच्या फॉइलवर मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा थर असतो, ज्याची जाडी दर व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर धरली जाते. ऋण बाजूच्या फॉइलवरही हवेमुळे आपोआप तयार झालेला पातळ थर असतोच, आणि तो उलट दिशेचा साधारण १ ते १.५ व्होल्ट दाब निमूटपणे सहन करतो. त्यामुळे ०.३ व्होल्टला कपॅसिटर दोन्ही दिशांनी सारखाच वागतो. ज्या दाबाला ध्रुवता (कोणता पाय धन, कोणता ऋण) उघडी पडते, तिथपर्यंत हा टेस्टर पोहोचतच नाही. व्हीलॉसचा आकडाही याच कमी दाबावर घेतलेला असल्याने तोही इथे उपयोगी पडत नाही.

उत्तर शेवटी मिळाले ते बेंच पॉवर सप्लाय, १० किलोओहमचा एक रेझिस्टर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर यांच्याकडून. सप्लाय ५ व्होल्टवर ठेवून रेझिस्टर कपॅसिटरच्या मालिकेत जोडला आणि मीटर रेझिस्टरच्या दोन टोकांना लावला. या जोडणीत प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे काही मिनिटांच्या चाचणीत कपॅसिटर तापण्याची किंवा फुटण्याची भीती राहत नाही. पहिल्या दिशेने मीटरचा आकडा झपाट्याने खाली आला आणि तीन मिनिटांनी ४० मिलिव्होल्टवर, म्हणजे ४ मायक्रोअँपिअर गळतीवर (भरल्यानंतरही कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या प्रवाहावर), स्थिरावला. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करून पाय उलटे केले, तेव्हा आकडा १.९ व्होल्टच्या आसपास अडकला आणि खाली येण्याऐवजी हळूहळू वर सरकू लागला. ही गळती १९० मायक्रोअँपिअर भरते. योग्य दिशेने गळती कमी असते, म्हणून पहिल्या वेळी सप्लायच्या धन टोकाकडे होता तोच कपॅसिटरचा धन पाय, यात शंका उरली नाही.

घाई मात्र करू नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कपॅसिटरचा ऑक्साइड थर झिजलेला असतो आणि सुरुवातीला तो योग्य दिशेनेही बरीच गळती दाखवतो, म्हणून पहिल्या दहा सेकंदांचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. दोन्ही दिशांनी गळती सारखीच कमी आली, तर तो स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये असतो तसा बिनध्रुवी प्रकार असण्याचा संभव आहे. टँटलम कपॅसिटर उलट दाबाबाबत फार नाजूक असतात, त्यामुळे त्यांच्यावर ही चाचणी मी करत नाही.

काही जणांना काट्याचा मल्टिमीटर ओहम रेंजवर लावून हेच काम करायची सवय असते. ती पद्धत चालते, पण अशा बऱ्याच मीटरमध्ये ओहम रेंजवर बॅटरीचे धन टोक काळ्या प्रोबवर येते, हे ठाऊक नसेल तर निष्कर्ष बरोबर उलटा निघतो. आडव्या, दोन्ही टोकांना पाय असलेल्या जुन्या कपॅसिटरबाबत तर मीटरही लागत नाही: ज्या टोकाला डब्यावर खोबण असून रबराचे बूच बसवलेले दिसते ते धन, आणि ज्या टोकाला पाय थेट डब्याला जोडलेला असतो ते ऋण.

टेस्टरबद्दल माझे मत तरीही चांगलेच आहे. धारिता आणि ईएसआर आधी कळल्यामुळे ध्रुवता शोधण्याचे कष्ट घ्यायचे की नाही हे ठरते. याच खोक्यातल्या दुसऱ्या एका कपॅसिटरचा ईएसआर ३० ओहमच्या वर निघाला, तेव्हा त्याचा धन पाय शोधत न बसता तो मी सरळ टाकून दिला. तक्रारी दोन आहेत. माझ्या नगाचा ९ व्होल्ट बॅटरीचा जोड महिन्याभरातच सैल झाला आणि वायर पुन्हा डाखवावी लागली. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे: सोबत आलेल्या एका पानाच्या माहितीपत्रकात कपॅसिटर रिकामा करूनच सॉकेटमध्ये लावावा, ही सूचना नव्हती. भरलेला कपॅसिटर लावल्यास चिप जळू शकते, आणि ५ व्होल्टची गळती चाचणी करून लगेच धारिता मोजायला जाणारा माणूस नेमकी हीच चूक करण्याचा संभव आहे.

म्हणून दोन मगर क्लिप लावलेला १० किलोओहमचा एक रेझिस्टर मी टेस्टरच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवला आहे. गळती मोजायलाही तोच वापरतो आणि नंतर कपॅसिटर रिकामा करायलाही तोच.