सरोवरातील १० किलोमीटर : एका स्पर्धेच्या सुरक्षाव्यवस्थेचे परीक्षण

पाण्यात उतरण्याआधी माझा क्रमांक चार ठिकाणी आला : टोपीवर, दंडावर, पाठीवर खांद्याजवळ आणि घोट्याला बांधलेल्या वेळमापक चिपमध्ये. त्यानंतर दोन खांबांमधल्या अरुंद वाटेने एकेकानेच पुढे जायचे होते, आणि तिथे बसलेली स्वयंसेविका प्रत्येकाच्या दंडावरचा क्रमांक मोठ्याने वाचून कागदावर खूण करत होती. चिप असताना कागद कशाला, असे माझ्या मागच्या स्पर्धकाने विचारले. ‘‘चिप घोट्यावरून सुटू शकते,’’ एवढेच ती म्हणाली आणि पुढचा क्रमांक वाचू लागली. सरोवरातील या १० किलोमीटर पोहण्याच्या स्पर्धेत मी तिसऱ्यांदा उतरलो. तिच्या सुरक्षाव्यवस्थेबद्दल माझे मत चांगले आहे. दोन तक्रारी आहेत, त्यांतली एक गंभीर आहे, आणि त्याही येथे सविस्तर मांडतो.

खुल्या पाण्यातील स्पर्धेचे परीक्षण करताना बहुतेक जण मार्ग, पदक, टोपीचा दर्जा आणि नंतरचा नाश्ता यांविषयी लिहितात. मी स्वतः काही वर्षे पोहतो आणि दोन हंगाम कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या निमुळत्या होडीवर, स्वयंसेवक म्हणूनही बसलो आहे. त्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यापासून नाव नोंदवताना मी आयोजकांना पहिला प्रश्न एकच विचारतो : या क्षणी पाण्यात किती माणसे आहेत, हे स्पर्धेच्या कोणत्याही मिनिटाला तुम्ही सांगू शकता का? हा प्रश्न माझ्या मनात २०१० च्या दुर्घटनेमुळे घर करून राहिला आहे. त्या वर्षी २३ ऑक्टोबरला संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा येथे १० किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा २६ वर्षांचा जलतरणपटू शेवटच्या टप्प्यात पाण्यात नाहीसा झाला. तो जगातील अव्वल पोहणाऱ्यांपैकी होता आणि शर्यत आंतरराष्ट्रीय संघटनेची होती. तरीही तो परतलेला नाही हे शर्यत संपल्यावर त्याच्या सहकारी स्पर्धकांच्या ध्यानात आले. पाणी अतिशय उष्ण होते, आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत पाण्याच्या तापमानाला ३१ अंश सेल्सिअसची वरची मर्यादा आली. तापमानाची चर्चा पुष्कळ झाली. मला मात्र त्या घटनेतील दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करते : एक माणूस कमी आहे हे मोजणाऱ्या व्यवस्थेला कळले नाही, मित्रांना कळले.

या स्पर्धेत ती मोजणी खरोखर चालते का, हे मला योगायोगाने पाहायला मिळाले. मार्ग अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्यांचा होता आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी स्पर्धकाला दोन पिवळ्या बोयांमधून जावे लागे. तिथे नांगरलेल्या नौकेवर दोन जण बसलेले असत : एक क्रमांक वाचणारा, दुसरा लिहिणारा. माझी तिसरी फेरी संपत असताना त्या नौकेवर हालचाल वाढलेली दिसली, आणि पाठोपाठ एक बचावनौका पलीकडच्या काठाच्या दिशेने निघाली. घडले होते ते असे. पाच किलोमीटरच्या गटातील एका स्पर्धकाला दुसऱ्या फेरीत मळमळू लागले, जवळचा काठ त्याला सोयीचा वाटला आणि कोणालाही हात न करता तो झुडपांमागे बाहेर येऊन बसला. त्याच्या वेगाने तो बोयांपाशी ज्या सुमारास यायला हवा होता, त्यानंतर थोड्याच मिनिटांत त्याचा क्रमांक बिनतारी संचावरून सर्व कयाकना कळवण्यात आला, आणि शोध सुरू होऊन पाव तासाच्या आत तो सुखरूप सापडला. नंतर त्याला ओशाळल्यासारखे झाले होते. आयोजकांनी त्याला रागावून काही सुनावले नाही. सुरक्षाप्रमुख त्याच्याजवळ बसल्या आणि शांतपणे समजावले, की बाहेर पडणे हा त्याचा हक्क आहे, मात्र पाणी सोडल्याची नोंद करणे हे त्याचे कर्तव्य आहे, कारण त्या पाव तासात त्याच्यासाठी निघालेली नौका दुसऱ्या कोणाला उपलब्ध नव्हती. सकाळच्या सूचना-बैठकीत हा नियम सांगितला गेला होताच, पण घाईघाईने, पार्किंग आणि जेवणाच्या सूचनांच्या मधोमध. त्याला वेगळी जागा आणि वेगळा आवाज द्यायला हवा.

कयाकस्वारांविषयी लिहिताना माझा हात थोडा सैल सुटेल, कारण या स्पर्धेचे सर्वांत मोठे बळ तेच आहेत. पाच किलोमीटरच्या गटासाठी सामाईक कयाक ठरावीक अंतरावर उभ्या होत्या, तर दहा किलोमीटरच्या प्रत्येक स्पर्धकाबरोबर एक कयाक होती. माझ्याबरोबरच्या बाईंनी आदल्या संध्याकाळी फोन करून मी कोणत्या बाजूला श्वास घेतो, दर किती मिनिटांनी पेय घेतो, थकल्यावर माझ्या हातांत काय बदल दिसतो आणि मला कोणते आजार आहेत, हे विचारून घेतले होते. दुसऱ्या दिवशी त्या पूर्ण वेळ माझ्या उजवीकडे, म्हणजे श्वासाच्या बाजूला राहिल्या, त्यामुळे दिशा पाहण्यासाठी मान वर काढण्याची वेळ क्वचितच आली. दर अर्ध्या तासाला दोरी बांधलेली बाटली पाण्यात पडे, मी पाठीवर तरंगत ती रिकामी करी आणि त्या घड्याळ लावून माझे हात मोजत. एका मिनिटात हातांचे किती फेरे होतात हा आकडा लांब पल्ल्याच्या पोहण्यात फार बोलका असतो. शरीर थंड पडू लागले की पोहणाऱ्याला स्वतःला ते शेवटी कळते, कारण गारठलेला मेंदू ‘मी ठीक आहे’ असेच सांगत राहतो, पण हातांची गती त्याआधीच घसरलेली असते.

माझ्या बाबतीत तेच झाले. पहिल्या दोन तासांत ६२ ते ६४ असलेला माझा आकडा तिसऱ्या फेरीत ५५ वर आला. पुढच्या थांब्यावर बाईंनी मला ‘ठीक आहात ना’ असे विचारले नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. त्यांनी मला माझ्या घराचा पिनकोड उलटा म्हणायला सांगितला. मी तो सांगितला, जरा अडखळत. मग त्यांनी दोरीला बांधलेला स्वतःचा तापमापक पाण्यात सोडला आणि आकडा वाचून दाखवला : १७.६ अंश.

येथे माझी गंभीर तक्रार येते. सकाळी फलकावर पाण्याचे तापमान १९.४ अंश असे लिहिलेले होते, आणि त्या आकड्यावर विसंबून मी साध्या पोशाखात उतरलो होतो. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ते तापमान धक्क्याच्या टोकाशी, उथळ पाण्यात, पृष्ठभागालगत मोजले होते. आंतरराष्ट्रीय नियम याबाबत अतिशय स्पष्ट आहे : तापमान स्पर्धेच्या दिवशी, सुरुवातीच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर आणि ४० सेंटिमीटर खोलीवर मोजावे. त्यामागे कारण आहे. सरोवराचे पाणी थरांत असते, वर उबदार आणि खाली गार, आणि वारा एका दिशेने वाहत राहिला की वरचा उबदार थर वाऱ्याबरोबर पलीकडच्या काठाशी ढकलला जातो व वारा जिकडून येतो त्या बाजूला खालचे गार पाणी वर येते. त्यामुळे एकाच सरोवरात, एकाच सकाळी, दोन ठिकाणच्या पाण्यात काही अंशांचा फरक पडू शकतो. त्याच नियमांनुसार १८ अंशांच्या खाली वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा जाड रबरी पोशाख, सक्तीचा आहे, १८ ते २० अंशांदरम्यान ऐच्छिक आहे आणि १६ अंशांच्या खाली स्पर्धाच घेता येत नाही. ही स्पर्धा हौशी पोहणाऱ्यांची असल्यामुळे ते नियम तिच्यावर कायद्याने बंधनकारक नसतील, पण फलकावरचा तो आकडा पाहून आम्ही सर्वांनी पोशाखाचा निर्णय घेतला होता, आणि तो आकडा दीड अंशाहून अधिक चुकीचा होता. बाईंनी मला त्यांच्या अधिकारात पुढचा अर्धा तास दिला आणि हातांची गती ५५ च्या खाली गेली तर बाहेर काढीन असे बजावले. पेय त्यांनी थर्मासमधले कोमट दिले. आकडा ५८ वर परतला आणि मी शर्यत पूर्ण केली. तो ५४ झाला असता तर त्यांनी मला बाहेर काढले असते याविषयी मला शंका नाही, आणि त्या निर्णयावर वाद घालण्याची मुभा मला नव्हती. नोंदणीच्या अर्जातच तसे लिहून घेतले होते : सुरक्षाप्रमुख, वैद्यकीय अधिकारी आणि सोबतचा कयाकस्वार यांपैकी कोणीही स्पर्धकाला थांबवू शकतो आणि तो निर्णय अंतिम असतो. नोंदणीच्या वेळी हे वाक्य मी डोळ्यांखालून घातले होते. तिसऱ्या फेरीत त्याचा अर्थ कळला.

आणखी एका नियमाचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. थकलेला स्पर्धक कयाकला धरून थांबू शकतो, फक्त कयाकने त्याला पुढे ओढायचे नाही. खाडी पोहून जाण्याच्या पारंपरिक मोहिमांमध्ये नौकेला हात लागला की प्रयत्न बाद होतो आणि तिथे ते योग्यही असेल, पण हौशी स्पर्धेत त्या कडक नियमाचा परिणाम असा होतो की माणूस बाद होण्याच्या भीतीने हात वर करत नाही. प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी रंगाची तरंगती थैलीही सक्तीची होती. ती लांबून दिसण्यासाठी आणि क्षणभर टेकण्यासाठी आहे, जीवरक्षक साधन म्हणून तिच्यावर विसंबू नका, हे बैठकीत ठामपणे सांगितले गेले हे चांगले झाले. समुद्रात पोहण्याची सवय असलेल्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी कमी असते आणि तेवढ्याने पाय खाली जाऊ लागतात. वाऱ्याने उठणाऱ्या सरोवरातल्या लाटाही लांब नसतात, त्या आखूड, उभ्या आणि जवळजवळ येणाऱ्या असतात व श्वासाच्या नेमक्या क्षणी तोंडावर आदळतात. वीज कडाडल्यास पाणी रिकामे करायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणालाही उतरू द्यायचे नाही, हाही नियम होता. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले.

दुसरी तक्रार बाहेर आल्यानंतरची आहे. अंतिम रेषेनंतर पदक, छायाचित्र आणि मग तंबू असा क्रम होता. छायाचित्रासाठी रांग होती आणि त्या रांगेत मी ओल्या अंगाने वाऱ्यात उभा होतो. थंड पाण्यातून बाहेर आल्यावरही शरीराच्या गाभ्याचे तापमान काही काळ उतरतच राहते आणि सर्वांत जोराची थरथर अनेकदा दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होते. म्हणून आधी कोरडे कपडे, टोपी, ब्लँकेट आणि गोड कोमट पेय, बाकी सर्व नंतर. तंबूतील परिचारिका अनुभवी होत्या. एका कुडकुडणाऱ्या तरुणाला त्यांनी गरम पाण्याच्या शॉवरखाली जाण्यापासून अडवले, कारण त्वचेकडील रक्तवाहिन्या एकदम मोकळ्या झाल्यास रक्तदाब उतरून माणूस कोसळू शकतो. सतत खोकणाऱ्या एका बाईंची छाती त्यांनी लगेच तपासली आणि प्राणवायूची पातळी पाहिली, कारण पोहताना फुफ्फुसांत पाणी साचण्याचा एक विकार असतो व त्याची सुरुवात खोकला आणि धाप यांनीच होते. इतकी जाणकार माणसे तंबूत बसलेली असताना स्पर्धकाला त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी छायाचित्रकाराला गाठावे लागावे, हे मला पटत नाही.

पुढच्या वर्षीसाठी मी नाव नोंदवले आहे आणि दोन्ही मुद्दे आयोजकांना लेखी कळवले आहेत. तापमापक मार्गाच्या मध्यावरील बोयाला बांधला जाईल आणि सकाळचा आकडा तिथूनच घेतला जाईल, असे उत्तर तीन दिवसांत आले. तंबू अंतिम रेषेला लागून उभारण्याविषयी त्यांनी अजून काही कळवलेले नाही, म्हणून मी पुन्हा लिहिले आहे.